तालुक्याच्या समुपदेशन केंद्राचा अनुभव: ऐकून नीट घेतात, लिहिताना मात्र जपून राहावे

माझ्या चुलत बहिणीचे माहेर कर्नाटकातील खानापूर तालुक्यात आणि सासर महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यात, म्हणजे मध्ये राज्याची हद्द. नवऱ्याने मारहाण करून तिला रात्री घराबाहेर काढले, तेव्हा तक्रार कर्नाटकात द्यायची की महाराष्ट्रात, याच प्रश्नावर आमच्या घरातील वडीलधारी मंडळी दोन दिवस अडून बसली. अखेर १८१ या महिला हेल्पलाइनवरून एका समुपदेशन केंद्राचा पत्ता मिळाला. तेथे आम्ही आतापर्यंत सहा वेळा गेलो आहोत. तिच्या संमतीनेच हे लिहीत आहे आणि तिची ओळख पटू नये म्हणून केंद्राचे नाव देत नाही.

पहिल्याच दिवशी समुपदेशक बाईंनी मला, काकांना आणि काकूलाही बाहेर बसवून तिला एकटीला आत घेतले. काकांना ते खटकले. ती घाबरेल असे मलाही वाटले. दीड तासाने ती बाहेर आली. आम्हांला कधीच न सांगितलेल्या गोष्टी आपण तेथे बोललो, एवढेच तिने रात्री मला सांगितले आणि मीही पुढे विचारले नाही. सारे बोलणे मराठीत झाले, आणि 'तुझे काय चुकले' हा प्रश्न तिला कोणी विचारला नाही. त्याच दुपारी केंद्रातील एक कार्यकर्ती सरकारी दवाखान्यात सोबत आली आणि जखमांची नोंद होईपर्यंत थांबली.

हद्दीचा गुंताही तेथेच सुटला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार पीडित स्त्री तात्पुरती जेथे राहते तेथील दंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो, आणि त्यांचा आदेश देशभर लागू असतो. आपल्याला पुन्हा चंदगडला जावे लागणार नाही ना, हे तिने दोनदा विचारून घेतले. मोफत वकिलासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, हेही तेव्हाच कळले. तोवर काकांनी दाखल्यासाठी तलाठ्याकडे हेलपाटे घातले होते.

आता जे खटकले ते. घटनेचा अहवाल कन्नडमध्ये लिहिला गेला, तोंडी मराठीत सांगितला गेला आणि तिने सही केली. तिचे शिक्षण मराठी माध्यमातले. बाजारापुरते कन्नड ती बोलते, पण वाचता येत नाही. घरी आल्यावर कन्नड माध्यमात शिकणाऱ्या भाचीने तो वाचला, तेव्हा दोन ठिकाणी मारहाणीच्या जागी 'जगळ', म्हणजे केवळ भांडण, असे लिहिलेले निघाले. दुसऱ्या दिवशी बाईंनी वाद न घालता दुरुस्ती केली, हे मान्य. परंतु भाचीने वाचले नसते तर तोच कागद कोर्टात गेला असता. कामकाज कन्नडमध्ये चालते याबद्दल माझी तक्रार नाही. जिच्या अंगावर वळ उठले आहेत तिला सहीपूर्वी मराठी मजकूर वाचायला मिळावा, एवढेच माझे म्हणणे आहे. तोवर कन्नड वाचणारे विश्वासाचे माणूस सोबत न्यावे.

चौथ्या भेटीत नवऱ्याला बोलावून बाँड पेपरवर समझोता करण्याचा आग्रह झाला, तोही मला अनुचित वाटला. न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बाँड पेपरवरील वचनाला ते बळ नसते. हा फरक आम्हांला वकिलांनी सांगितला, तो समुपदेशक बाईंनी आपणहून सांगायला हवा होता. बहिणीने सही केली नाही आणि अर्ज दाखल केला.

नकार देऊनही केंद्राने तिला सोडले नाही. आजही दर पंधरवड्याला त्यांचा फोन येतो, तोही काकांच्या नंबरवर नव्हे, तर तिच्या स्वतःच्या नंबरवर, तिने ठरवून दिलेल्या वेळी.