फायर पिट म्हणजे महागडं घमेलंच का? वापरून लिहितेय

2025 ला टॅक्स ऑडिटची तारीख 30 सप्टेंबरवरून आधी 31 ऑक्टोबर आणि मग 10 नोव्हेंबर झाली, रिटर्नची 10 डिसेंबर. लोकांना वाटतं मुदत वाढली म्हणजे आराम, पण आमच्या टॅक्सची कामं करणाऱ्या ऑफिसात मुदत वाढली की क्लायंट बरोब्बर तेवढेच दिवस उशिरा कागद आणतो. जुलैपासून एक रविवार धड मिळाला नव्हता, आणि एका रात्री साडेबाराला पोर्टलवर ती चक्री फिरत बसलेली तेव्हा वैतागून हा फायर पिट, म्हणजे अंगणात शेकोटी पेटवायचं भांडं, ऑर्डर केला. 24 इंची लोखंडी कढई, तीन पाय, वर जाळीचं झाकण, निखारे हलवायला एक लोखंडी आकडा. 4,200 रुपये.

सासूबाई निफाडच्या. खोकं बघून म्हणाल्या, "अगं चार हजाराची शेकोटी? आमच्याकडे फुटक्या घमेल्यात पेटवायचे." त्यांच्या माहेरी पारा 5-6 वर उतरला की द्राक्षं वाचवायला बागेत रात्रभर शेकोट्या, म्हणजे शेकोटी ही त्यांच्यासाठी ड्युटी. तर हा रिव्ह्यू घमेलं विरुद्ध फायर पिट असाच वाचा.

जोडायला अर्धा तास लागला, त्यातला वीस मिनिटं एक पाय डुगडुगतोय म्हणून. एका नटाचे आटे गेलेले होते, विकणाऱ्याला दोन मेसेज केले, उत्तर नाही, शेवटी गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडून नवीन आणला. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा आत रताळी वगैरे टाकू नका, काळा रंग तासभर जळतो आणि वास डोक्यात जातो.

आणि माझी खरी चूक म्हणजे मी तो परसातल्या शहाबादी फरशीवर ठेवला. खाली पाय आहेत ना, काय होतंय. तासाभराने फट्ट करून आवाज आला, मला वाटलं लाकूड तडकलं, सकाळी बघते तर फरशीचा पापुद्रा उडालेला. कढई बुटकी आहे, वीतभरच उंच, सगळी धग खाली लागते. आता खाली विटांचा थर आणि त्यावर वाळू. हे त्या पुस्तिकेत मोठ्या अक्षरात छापायला हवं होतं.

धुराबद्दल विचाराल तर घमेल्याएवढाच. जाहिरातीत धूर कमी लिहिलंय पण ते दुहेरी भिंतीच्या पिटला खरं, त्यात दोन पत्र्यांच्या मधून हवा तापून वर भोकांतून येते आणि धूरच जाळून टाकते. ही एकेरी पत्र्याची, हिच्यात धूर लाकडावर. पहिल्या शनिवारी वखारीतून आणलेली बाभूळ ओली निघाली, ढलप्यांच्या टोकाला फेस येऊन सूं सूं वाजत होतं आणि नवरा डोळे पुसत "मस्त वाटतंय" म्हणत होता. आता दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघते, सुकी असली तर खणखण वाजतात, ओली असली तर नुसतं थप्प. पेटवायला करवंट्या आणि कापूर, रॉकेल नाही की पेट्रोल नाही.

पण एका गोष्टीत हिने घमेल्याला हरवलं. आत लोखंडी जाळी आहे, लाकूड तिच्यावर राहतं, खालून हवा खेळते, त्यामुळे सारखं वाकून फुंकत बसावं लागत नाही. एकदा बाभळीचा निखारा धरला की दीड तास मी फक्त बसून असते. फोन आत चार्जिंगला, पायात मोजे, निखाऱ्यावर राखाडी साय येते ती आकड्याने झटकली की खालचा लाल परत उघडा पडतो, एवढंच काम. 11 डिसेंबरनंतर मला एवढंच काम झेपणार होतं. वांगं भाजायलाही झक्कास, भरिताला तो धुरकट वास गॅसवर येत नाही हो.

तळाला पाणी जायला भोक नाही, पावसाळ्यात आडोशाला ठेवावी लागणार, नाहीतर गंजलीच. पाचात साडेतीन. अंगण नसेल तर घेऊच नका, बाल्कनीत तर अजिबात नाही. रोज पेटवायची असेल तर घमेलं खरंच बरं, त्याला खाली चार विटा लावल्या की झालं.

सासूबाई तिसऱ्या रात्री पाट घेऊन आल्या. "ती वरची जाळी काढ गं, जाळ दिसत नाही धड," म्हणाल्या, मी ठिणग्यांचं सांगितलं ते कानाआड. आता राख त्याच चाळून डब्यात भरतात, वालाला कीड लागू नये म्हणून लावून ठेवायला, त्यामुळे चिवड्याचं रिकामं पाकीट आत टाकलं की मला ओरडा बसतो.