एक खिळा, सहा पंक्चर

गोव्यात जन्मलो, गोव्याच्याच रस्त्यांवर गाडी शिकलो, आणि गोव्यातल्याच टायरवाल्याकडून फसून आलो. सांगायला लाज वाटते, म्हणून वर्षाहून अधिक काळ हे घराबाहेर कुणाला बोललो नव्हतो. गेल्या महिन्यात ऑफिसातला एकजण हुबेहूब तसाच लुटला गेला. रस्ता तेवढा वेगळा. मग म्हटलं, लाज राहू दे बाजूला, एकदा लिहूनच टाकू.

6 सप्टेंबर 2024, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी चवथ. आम्ही राहतो फोंड्याला, पण गणपती मूळ घरी, पेडणे तालुक्यात. त्या वर्षी चवथीचा आदला दिवस नेमका शुक्रवारी आला, म्हणजे म्हापशाचा आठवड्याचा बाजार आणि माटोळीचा बाजार एकाच दिवशी. (गोव्याबाहेरच्यांसाठी: गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली आणि परसातली फळं-फुलं बांधतात, ती माटोळी.) दोन तास त्या गर्दीत घुसमटून चिबूड, तोरिंजन, आंबाडे, सुपारीची शिपटी, पंचवीस नारळ असं सगळं डिकीत कोंबलं आणि निघालो. गाडीत मी, बायको आणि बारा वर्षांचा मुलगा. वर पाऊस. मूळ घरून दादाचे फोनवर फोन, "कुठे पोचलात? माटोळी कधी बांधायची?"

कोलवाळचा पूल ओलांडून थोडं पुढे गेलो असू. एक स्कूटरवाला शेजारून आला, हात हलवून मागच्या चाकाकडे बोट दाखवायला लागला. उतरून बघतो तर डावीकडचा मागचा टायर अर्धा बसलेला, आणि त्याच्या रबरात एका खिळ्याचं डोकं चकाकत होतं. एकच खिळा. मुलाने मोबाइलवर त्याचा फोटो काढून चुलत भावंडांच्या ग्रुपवर टाकला, उशीर का होतोय ते सांगायला. त्या फोटोची किंमत तेव्हा कुणालाच कळली नव्हती.

स्टेपनी काढायची तर आधी डिकीतलं सगळं रस्त्यावर मांडायचं. मांडलं. भर पावसात, नारळासकट. आणि स्टेपनी अंगठ्याने दाबली तर आत गेली. दोन वर्षांत तिच्यात हवा भरल्याचं मला आठवत नव्हतं. इथपर्यंतचा दोष माझा, टायरवाल्याचा नाही.

स्कूटरवाला अजून तिथेच होता. म्हणाला, "पुढे अर्ध्या किलोमीटरवर दुकान आहे. आज चवथीची गडबड, बाकी सगळे बंद." आम्ही गाडी रांगत नेली.

दुकानाला नाव नव्हतं. पत्र्यावर नुसतं "टायर पंक्चर" रंगवलेलं. बाहेर काळेभोर, चकचकीत टायर ओळीने उभे, बाजूला हवेचा कंप्रेसर. मालक अगदी अदबीने बोलणारा. "साहेब, पावसात कशाला उभे? मॅडम, बसा. बाळाला पाणी देऊ?" तीन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. त्या खुर्च्यांची तोंडं रस्त्याकडे होती. हे मला फार नंतर सुचलं. आमची पाठ दुकानाकडे, आणि आतला पोरगा चाक काढून पत्र्यामागे पाण्याच्या टाकीकडे घेऊन गेला.

दहा मिनिटांनी हाक आली. टायर फेसाने माखलेला. पोरगा तळहाताने फेस पुसत जायचा, आणि जिथे हात फिरे तिथे बुडबुडे उठत. एक, दोन, तीन... सहा. मालक माझ्याइतकाच चकित झाल्यासारखा दिसला. "साहेब, खिळ्यांच्या राशीवरूनच गेलात की काय!"

मी विचारलं, "बाकीचे खिळे कुठे आहेत?"

"पडले असतील. रस्त्यावर पाणी किती आहे बघा."

आणि मी मान डोलावली. शिकलेला माणूस मी, ऑफिसात लोकांच्या बिलांतल्या चुका काढतो. खिळा पडून गेलेला टायर भर रस्त्यात भसकन बसेल, आणि पाच ठिकाणी तसं झालेलं असतं तर मी म्हापशाच्या बाहेरसुद्धा पडलो नसतो, एवढा साधा विचार त्या क्षणी डोक्यात आला नाही. डोक्यात होती माटोळी.

पुढचं गणित त्याने आधीच जुळवून ठेवलं होतं. एका पंक्चरचे 150, सहाचे 900. "पण मी तुम्हाला खरं सांगतो, मला 900 नकोत. सहा स्ट्रिपा मारलेला टायर हायवेला फुटला तर?" (स्ट्रिप म्हणजे पंक्चरच्या भोकात कोंबायची रबरी पट्टी.) असं म्हणून त्याने माझ्या मुलाकडे पाहिलं. बस्स. त्या एका नजरेवर माझे पाच हजार गेले. 165/80 आर 14, माझ्या स्विफ्टचं माप, नवा कोरा टायर, 5,400. वर बसवायचे आणि बॅलन्सिंगचे 300. दुकानात बॅलन्सिंगचं मशीनच नव्हतं, हेही मला घरी जाताना सुचलं. 80 च्या वर वेग गेला की सीटखाली थरथर जाणवायला लागली तेव्हा.

बिल मागितलं. "बिल पाहिजे तर 28 टक्के जीएसटी वरून लागेल, साहेब. सणाच्या दिवशी उगाच कशाला?" मीच म्हटलं, राहू दे. टायरवर तेव्हा 28 टक्के कर होताच (2025 च्या सप्टेंबरात तो 18 वर आला), पण सरळ धंदा करणाऱ्याच्या भावात तो आधीच धरलेला असतो. बिल न देणारा आपले 28 टक्के वाचवत नसतो. तो आपल्या हातात कागद पडू देत नसतो. पैसे यूपीआयने दिले. स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा बाईचं, दुकानाचं नव्हे. तेही पाहिलं आणि "होय" दाबलं.

मग तो गाडीखाली वाकला. "साहेब, लोअर आर्म गेलाय. बॉल जॉइंट पण ढिला. आत्ता करून टाकला तर चार हजारांत होईल." लोअर आर्म पुढच्या चाकाचा, आणि जॅक लागला होता मागे. मी गप्प उभा. बायको उठली. "आम्हाला उशीर होतोय," एवढंच म्हणाली, आणि पोरगा जुना टायर ढकलत मागे नेत होता त्याला थांबवलं. "तो आमचा आहे. डिकीत ठेव." मालक म्हणाला, "मॅडम, भंगार आहे ते, काय करणार?" ती म्हणाली, "आंब्याला झोपाळा बांधू पोरांना." त्या दिवशी आमच्या घरात शहाणं माणूस एकच होतं.

दीड दिवसाचा गणपती झाला, विसर्जन झालं, आम्ही फोंड्याला परतलो. थरथर थांबेना म्हणून आमच्या नेहमीच्या मेस्तकडे गेलो. मेस्त म्हणजे आमच्याकडे गॅरेजवाला, गवंडी, कारागीर, कुणीही. हे साठीतले, फार न बोलणारे. त्यांनी आधी नवं चाक उतरवलं आणि ते फिरवून त्याची आतली बाजू वर केली. त्यावर डीओटी अशी अक्षरं आणि पुढे अंकांची ओळ असते. शेवटचे चार अंक म्हणजे टायर कधी बनला ते. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या नव्या कोऱ्या टायरवर होतं 1918. म्हणजे 2018 सालचा एकोणिसावा आठवडा. सहा वर्षं कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे-पावसाळे काढलेला टायर, वरून पॉलिश मारून चकचकीत केलेला. रबराचे केस अजून अंगावर होते, म्हणून मला तो ताजा वाटला. टायर धावला नाही तरी रबर म्हातारं होतं, कडक होतं. तारीख पुष्कळदा एकाच बाजूवर असते, आणि ती बाजू त्याने आत वळवून बसवली होती. फोंड्यात त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, पण 2024 मध्येच बनलेला टायर मला बिलासकट 4,300 ला मिळाला.

मग मेस्तनी डिकीतला जुना टायर मागितला. रिमवर चढवून हवा भरली, पाण्यात बुडवला, खडूने सहा खुणा केल्या, आणि चष्मा वर सारून बराच वेळ नुसते बघत बसले. शेवटी म्हणाले, "हे बुराक खिळ्याचे न्हय."

बुराक म्हणजे भोक. ती खिळ्याची का नव्हेत, ते त्यांनी मला बोट लावून दाखवलं. खऱ्या खिळ्याचं भोक टायरच्या उंच भागावर होतं, जिथे रबर रस्त्याला टेकतं, आणि ते तिरकं होतं. खिळा चाकाखाली आडवा येतो, तसाच शिरतो. बाकीची पाच भोकं खाचांच्या तळाशी, जिथे रबर सगळ्यात पातळ. पाचही सरळ, काटकोनात, आणि एका वितीच्या आत. रस्त्यावरचा खिळा पाचच्या पाच वेळा उंच भाग सोडून खाचच शोधत नाही. मुलाने काढलेला फोटो मी मोठा करून दाखवला. फोटोतही तीच बाजू दिसत होती. खिळा एक, आणि शेजारच्या खाचांत काही नाही.

"पण आमच्यासमोर फेस पुसताना बुडबुडे येत होते," मी म्हटलं.

मेस्तनी आतून एक सुआ आणला, मूठ नसलेला, करंगळीएवढा. तो दोन बोटांच्या बेचक्यात धरला, टोक तळहाताच्या बाजूला. मग ओल्या टायरवरून हात फिरवला, फेस पुसावा तसा. अंगठ्याने थोडा जोर दिला. मी अगदी समोर उभा होतो, बघायलाच उभा होतो, तरी मला काही दिसलं नाही. हात उचलला आणि बुडबुडा आला. "सातवें," म्हणाले आणि सुआ खिशात टाकला.

आठवडाभराने मी परत त्या दुकानात गेलो. आवाज चढवून बोलायचं ठरवून गेलो होतो. तो तितक्याच अदबीने म्हणाला, "साहेब, बिल दाखवा." मी 1915 ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, फोन केला. त्यांनी तक्रार नीट ऐकून घेतली आणि तीन गोष्टी विचारल्या. दुकानाचं नाव, पत्ता, बिल. माझ्याकडे होता यूपीआयचा एक स्क्रीनशॉट आणि एका अनोळखी बाईचं नाव. प्रकरण तिथेच संपलं, आणि ते मीच त्या शुक्रवारी संपवलं होतं.

एक गोष्ट मला जास्त लागली ती वेगळीच. आम्ही समजत होतो की हे धंदे काळ्या पाटीच्या गाड्यांसाठी असतात. भाड्याची गाडी घेऊन आलेला पर्यटक, मोपाला विमान गाठायची घाई, परत कधी इकडे फिरकणार नाही, त्याला लुटतात. माझी पाटी जीए-05, बोलणं इथलं. तरी मी त्याच्यासाठी पर्यटकच होतो, कारण घाईत होतो. पाटी तो बघतच नाही. सण, लग्न, विमान, दवाखाना, यांपैकी काहीतरी तुमच्या तोंडावर दिसलं की त्याचं काम झालं.

आता मी काय करतो तेही सांगतो. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर तो उपटत नाही. खिळाच भोक बुजवून धरतो, हवा हळूहळू जाते. त्या दिवशी माझ्याकडे हवा भरायचं साधन असतं तर मी तीच गाडी सावकाश पेडण्यापर्यंत नेली असती, वाटेत पुन्हा हवा भरून. गाडीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप आता डिकीत असतो, नारळांच्या वर. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, तिथे स्टेपनीसकट पाच चाकांत भरून घेतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं. टायर साफच बसला असेल तर मात्र तसाच रेटू नका, कड चिरली की तो खरोखर भंगार. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर 1033 ही हेल्पलाइन आहे.

आणि अनोळखी दुकानात जावंच लागलं, तर खुर्चीवर बसत नाही. चाक गाडीवर असतानाच साबणाचं पाणी मारायला सांगतो, बुडबुडे कुठे येतात ते खडूने आखून फोटो काढतो, मगच चाक उतरवू देतो. ते जिथे जाईल तिथे मी जातो, अगदी पत्र्यामागेसुद्धा. सरळ माणसाला याचा राग येत नाही. फोंड्यातल्या एका पोराने तर हसून मलाच साबणाची बाटली हातात दिली. ज्याला राग आला, "साहेब, आमच्यावर विश्वास नाही का" म्हणाला, तिथून मी हवा भरून निघालो.

जुना टायर झोपाळ्यालाच लागला. मूळ घरच्या आंब्याला दादाने दोरी बांधून दिली. पुढच्या पावसाळ्यात आई कुरकुरायला लागली की टायरात पाणी साचेल, डास होतील, आरोग्य खात्याची माणसं येऊन बोलतील. म्हटलं, आई, ह्यात नाही साचायचं. सात बुराक आहेत.