आप्रवासी घाट, पोर्ट लुई: सोळा पायऱ्या पाहताना

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई हिच्या बंदरालगतचा आप्रवासी घाट जेमतेम १,६४० चौरस मीटरचा आहे. तरीही तिथे घालवलेली अख्खी सकाळ मला अपुरी वाटली.

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी संपुष्टात आल्यावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून करारबद्ध मजूर आणले गेले, आणि १९२० पर्यंत सुमारे पाच लाख माणसे, बहुतांशी भारतातून, या बेटाच्या वाटेने गेली. त्यांची नोंद करून घेणारी ही छावणी १८४९ मध्ये बांधायला घेतली. तिच्यातील रुग्णालयाचा भाग, स्वयंपाकघर व मजुरांच्या निवाऱ्यांचे अवशेष आणि बंदरातून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या आज पाहता येतात. युनेस्कोने २००६ मध्ये हे स्थळ जागतिक वारशात घेतले. प्रवेश विनामूल्य आहे. शेजारचे माहिती केंद्र आधी पाहावे, म्हणजे अवशेष बोलू लागतात.

इथे उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. आज त्यांचे वंशज मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरातून तोच क्रमांक, पूर्वजाचे नाव आणि मूळ गाव शोधून काढतात. परदेशी स्थायिक झालेली माणसे मूळ भूमीचा एवढा अभिमान का बाळगतात, याचे उत्तर मला या शोधात दिसले. कुठे राहायचे, किती राबायचे, हे करार ठरवत असे. भाषा, देव आणि गाणी मात्र करारात लिहिलेली नव्हती, म्हणून तेवढीच खरी स्वतःची मालमत्ता उरली. ‘कुली’ हा शब्द ज्यांच्या तोंडावर फेकला गेला, त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या देशाने पूर्वीच्या ‘कुली घाटा’ला ‘आप्रवासी’ हे मानाचे नाव दिले.

मराठी वंशाच्या मॉरिशसवासीयांच्या घरात आज बहुधा क्रेओल ही फ्रेंचमधून घडलेली स्थानिक भाषा बोलली जाते, पण मुले शाळेत मराठी शिकतात, गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. भाषा जिभेवरून ओसरली तरी अभिमान ओसरला नाही, हे पाहून मी खरोखर हेलावले.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी त्या पायऱ्यांसाठी निवांत वेळ ठेवावा. मुंबई बंदरात जहाजावर चढलेली आपल्याकडची कितीतरी माणसे त्यांवरूनच वर आली.