न्यूपोर्टचं राजा अल्बर्ट स्मारक: आधी दरवाजे बघा, मग घोडा

ऑस्टेंडवरून कोस्ट ट्रामने अर्ध्या-पाऊण तासात न्यूपोर्टला पोचलो, सोबत बाबा. त्यांचं आयुष्य अलिबागकडच्या खारबंदिस्तीत, म्हणजे खारं पाणी अडवून शेतं राखणाऱ्या बांधांच्या कामात गेलंय म्हणून मुद्दाम त्यांना इथे आणलं आणि खरं सांगतो, अख्ख्या बेल्जियममध्ये त्यांना हेच सगळ्यात जास्त आवडलं.

समोर आलं की विटांच्या खांबांचं भलंमोठं गोल कडं दिसतं आणि मधोमध घोड्यावर राजा अल्बर्ट पहिला, पहिल्या महायुद्धातला बेल्जियमचा राजा. १९३८ चं काम, आर्किटेक्ट यूलियन द रिडर, पुतळा कारेल ऑब्रुकचा. आपल्याला महाराजांचे अश्वारूढ पुतळे बघायची सवय, तो आवेश इथे नाही, घोडा शांत, राजा शांत, आणि नुसता पुतळा बघून परत फिरलात तर थोडं कोरडंच वाटेल.

म्हणून आधी शेजारचे पाण्याचे दरवाजे बघा. गान्झेपोट म्हणतात, म्हणजे हंसाचं पाऊल, कारण सहा पाणवाटा इथे एकत्र येऊन समुद्राकडे जातात. आपल्याकडे बांधाला उघाडी असते ना, ओहोटीला आतलं पाणी सोडायचं आणि भरतीला बंद, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही, अगदी तेच काम. ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मन फौज आयझर नदीपर्यंत आली तेव्हा बेल्जियमवाल्यांनी ते उलटं केलं, रात्रीच्या भरतीला दरवाजे उघडले, ओहोटीला बंद, असं काही रात्री, आणि नदी ते रेल्वेचा भराव यातली सगळी जमीन पाण्याखाली. भरावाचाच बांध झाला. जर्मन तिथेच अडकले, आणि मागे उरलेला देशाचा छोटा तुकडा चार वर्षं टिकला. राजा त्याच तुकड्यात, द पान गावात, सैन्यासोबत राहिला. हे ऐकून बाबा लगेच म्हणाले, "स्वतःची शेतं खारवली रे त्यांनी," आणि बराच वेळ गप्प. खारवलेली जमीन परत पिकाला आणायला काय लागतं ते त्यांना माहितीये.

पाण्याची ही माहिती राजाकडे नव्हती, ती कारेल कॉगे नावाच्या पाटबंधाऱ्याच्या माणसाकडे आणि हेन्ड्रिक गीरार्ट या नाववाल्याकडे होती. पुढे १००० फ्रँकच्या नोटेवर एका बाजूला राजा आणि मागे हाच गीरार्ट छापला, मला हे फार भारी वाटलं.

खाली म्युझियम आहे, चांगलं आहे, पण पैसे वसूल होतात ते खांबांवरच्या गोल कड्यावर. लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही जमतं. वरून समुद्र, नदी, दरवाजे, सपाट शेतं सगळं एका नजरेत येतं आणि मग डोक्यात नकाशा बसतो. वारा मात्र जबरदस्त, कानटोपी न्याच.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. जायच्या आधी भरतीची वेळ बघून घ्या, आम्ही ओहोटीला पोचलो तर बाबांनी भरती सुरू होईपर्यंत तिथून हलूच दिलं नाही.