३ किलोवॅटचं ऑन-ग्रिड सोलर बेळगाव भागात घ्यावं का? सविस्तर परीक्षण

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरासाठी सोलरची चौकशी केली की कोटेशन येतं ते बहुधा ३ किलोवॅटचंच. कारण सरळ आहे. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ ला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. त्यापुढे कितीही मोठी यंत्रणा बसवली तरी आकडा ७८,००० वरच थांबतो.

यंत्रणा चांगली आहे, पण सगळ्यांसाठी नाही. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेमुळे ज्यांचं बिल शून्य येतं, त्यांचं सोलरने वाचणार काय? त्यांनी घेऊ नये. महिन्याला २५० युनिटच्या वर जाणारं घर, घरातच दवाखाना, पिठाची गिरणी किंवा शिवणकाम असेल, तर हिशोब चांगला बसतो. ३ किलोवॅट आपल्याकडे वर्षाला ४,००० ते ४,४०० युनिट देतं. युनिटला सहा रुपयांच्या आसपास धरले तर वर्षाला २४ ते २६ हजार वाचतात. अनुदान वजा जाता लाख-सव्वा लाख खर्च येत असेल, तर चार-पाच वर्षांत पैसे वसूल. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. 'बिल कायमचं बंद' असं सांगून कुणी विकत असेल तर तिथेच थांबावं. कोल्हापूर-गडहिंग्लजच्या पाहुण्यांचा हिशोबही इथे लावू नये. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे तिकडे जास्त युनिटवाल्याचे पैसे लवकर सुटतात. आपल्या भागातली वीज कंपनी हेस्कॉम, तिचा घरगुती दर सर्व युनिटला एकच आहे.

आता यंत्रणेकडे. ५४० वॅटची सहा पॅनल एकामागे एक जोडली की ३.२४ किलोवॅट होतात आणि मोकळ्या स्थितीत, म्हणजे पुढे काही जोडलेलं नसताना, साधारण ३०० व्होल्ट डीसी तयार होतो. इन्व्हर्टर त्याचा २३० व्होल्ट एसी करून घराच्या बोर्डात सोडतो. घरात चालू असलेलं सामान आधी ती वीज वापरतं, उरलेली दुहेरी मीटरमधून लाईनवर जाते. रात्री उलटं. समजा दिवसात १२ युनिट तयार झाले, त्यातले ४ घरात लागले, तर ८ बाहेर गेले. संध्याकाळनंतर ६ आत आले, तर हिशोबात २ जमा. बिलावर निर्यात ८ च दिसणार, १२ नव्हे. मोबाईल ॲपमधला आकडा आणि बिलातली निर्यात जुळत नाही म्हणून बरेच जण तक्रार करतात; दोन्ही आकडे बरोबर असतात.

करंट गेला की ही यंत्रणा बंद पडते, भर दुपारी कडक ऊन असलं तरी. लाईनवर काम करणाऱ्या लाईनमनच्या जिवासाठी ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे आणि ती कधीही बायपास करून घेऊ नये. लाईट गेल्यावरही घर चालू हवं असेल तर बॅटरीसह हायब्रिड घ्यावं लागतं, त्याचा खर्च वेगळा.

पॅनल कोणतं घ्यावं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. अनुदानासाठी भारतीय सेलचं डीसीआर पॅनल लागतंच, आणि त्यातल्या नावाजलेल्या कंपन्यांमध्ये घरगुती पातळीवर मोठा फरक पडत नाही. फरक पडतो तो जोडणीत, आणि कोटेशनमध्ये नेमकं तेच एका ओळीत उरकलेलं असतं.

एसी केबलचं उदाहरण घ्या. ३ किलोवॅटला साधारण १३ ॲम्पिअर जातात. गच्चीपासून मीटरपर्यंत ३० मीटर अंतरावर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली तर तिच्यातच पावणेसहा व्होल्ट चढतात. खेडेगावात ट्रान्सफॉर्मरजवळच्या घरात दुपारी लाईनचा व्होल्टेज २४८ असणं नवलाचं नाही. म्हणजे इन्व्हर्टरला दिसतात जवळपास २५४. वरची मर्यादा २५३ वर सेट असेल तर तो बंद पडतो, काही मिनिटांनी पुन्हा सुरू होतो, पुन्हा पडतो. ऐन अकरा ते दोनच्या उन्हात उत्पादन बुडतं आणि दोष पॅनलला दिला जातो. ६ चौरस मिलिमीटरची केबल घातली तर हीच वाढ अडीच व्होल्टच्या आत राहते. केबलची जाडी कोटेशनमध्ये लिहून घ्यावी. लाईनचाच व्होल्टेज २५० च्या वर राहत असेल तर हेस्कॉमकडे लेखी अर्ज देऊन ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून घ्यावा लागतो.

दुसरी जागा अर्थिंगची. डीसी, एसी आणि आभाळातली वीज जमिनीत उतरवणारा वीजरोधक (लायटनिंग अरेस्टर) यांचे तीन वेगळे खड्डे हवेत. खानापूरकडच्या जांभ्या जमिनीत साधं सळईचं अर्थिंग उन्हाळ्यात कामाचं राहत नाही, म्हणून केमिकल अर्थिंग घ्यावं आणि माप एप्रिल-मे मध्ये घ्यावं; ५ ओहमच्या आत यायला हवं. वळवाचा पाऊस विजांसकट येतो, तेव्हा डीसी आणि एसी दोन्ही बॉक्समध्ये सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारा) आहे का हे झाकण उघडून बघावं. त्याच्या छोट्या खिडकीत हिरवा रंग असेल तर ठीक, लाल झाला असेल तर तो बदलायचा.

पॅनलच्या वायरी एकमेकांना जोडणाऱ्या एमसी-फोर कनेक्टरच्या दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या असाव्यात. वेगळ्या कंपन्यांचे बसतात खरे, पण आत सैल राहतात, तापतात आणि वितळतात.

पॅनल बसवायचं लोखंडी स्ट्रक्चर ८० मायक्रॉन गॅल्व्हनाइज्डच (जस्ताचा थर दिलेलं) असावं. स्लॅबला थेट छिद्र पाडून पाय बसवले तर पहिल्याच पावसाळ्यात छत गळतं. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय घ्यावेत. कौलारू घरावर बसवायचं तर भार वाशांवर जाईल असे हूक लागतात. जुने वासे असतील तर अंगणात किंवा गोठ्याच्या पत्र्यावर बसवणं बरं. कल दक्षिणेकडे १५ अंश पुरे. सावली डिसेंबरातली मोजावी, मे मधली नव्हे: सकाळी नऊला एक मीटर उंच टाकीची सावली दीड मीटरच्या पुढे जाते, आणि एका पॅनलवर पडलेली सावली सगळ्या साखळीला नडू शकते.

पावसाळ्यात उत्पादन निम्म्यावर येतं, कणकुंबी-जांबोटीकडे त्याहूनही कमी. तो दोष नाही. खरा तोटा होतो तो उसाच्या हंगामात. साखर कारखाने सुरू असतात तेव्हाच आभाळ स्वच्छ असतं आणि तेव्हाच काजळी पडते. कारखान्याजवळच्या गावांनी नोव्हेंबर ते मार्च आठवड्याला धुवावं, सकाळी काच गार असताना, मऊ फडक्याने. अथणी-रायबागकडच्या क्षारयुक्त बोअरच्या पाण्याने धुतलं तर पुसून कोरडं करावं, नाहीतर पांढरे डाग कायमचे बसतात.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणच्या कारखानदारांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. समजा लोड ४० किलोवॅट आहे आणि कपॅसिटर लावूनही १० केव्हीएआर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण मोटारींना लागणारी रिॲक्टिव्ह पॉवर) उरतात. पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण घेतलेल्या पॉवरपैकी कामाला लागणारा भाग, ०.९७. त्यावर ३० किलोवॅट सोलर चालू झालं की लाईनवरून फक्त १० किलोवॅट येतात, केव्हीएआर मात्र तेवढेच, आणि मीटरला पॉवर फॅक्टर दिसतो ०.७१. दंड लागतो. एपीएफसी पॅनलचा (कपॅसिटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या पॅनलचा) सीटी, म्हणजे करंट मोजणारं कडं, लाईनच्या बाजूला आणून कपॅसिटर वाढवावे, किंवा इन्व्हर्टरलाच रिॲक्टिव्ह पॉवर द्यायला सेट करून घ्यावं. जनरेटरसोबत चालवायचं तर कंट्रोलर हवाच, नाहीतर उलटी वीज जनरेटरमध्ये शिरते.

कागदांत सर्वांत जास्त अडतं ते नावामुळे. मीटर आजोबांच्या नावावर आणि बँक खातं नातवाचं, अशाने अनुदान अडकतं. आधी हेस्कॉममध्ये नाव बदलून घ्यावं, मग योजनेच्या पोर्टलवर वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून अर्ज करावा. दुहेरी मीटर बसण्याआधी यंत्रणा चालू करू नये. बरेच जुने मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजतात. कोटेशन जुनं असेल तर करही तपासावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, म्हणून सामान-मजुरी मिळून एकूण कर १३.८ ऐवजी ८.९ टक्के पडायला हवा.

शेवटचे १० टक्के पैसे मीटर बसून पहिलं बिल हातात येईपर्यंत राखून ठेवावेत, आणि ते देताना पॅनलच्या सीरियल नंबरांची यादी, वॉरंटी कार्ड, जोडणीचा नकाशा आणि इन्व्हर्टर ॲपचं मालक म्हणून लॉगिन स्वतःच्या नावावर करून घ्यावं.