चुलीवरचा चार्जर: आठ महिन्यांनंतर, आणि मुख्यतः त्या पेस्टबद्दल

चुलीच्या उष्णतेतून वीज बनवणारा माझा चार्जर सप्टेंबरात बसला, तेव्हा सर्व्हिसवाल्यांचं म्हणणं असं: प्लेट पुण्याला पाठवा, कुरिअर तुमच्या खर्चाने, जळलेल्या प्लेटला वॉरंटी नाही, नवी 2,400 रुपयांना. प्लेट जळलेली नव्हती. फोटो पाठवले, रीडिंग पाठवली, कोणी बघितलंही नाही. त्या रागातच हे लिहायला घेतलंय.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. आंघोळीच्या पाण्यासाठी न्हाणीतली चूल रोज सकाळी दीड तास पेटतेच. पावसाळ्यात झाड पडून तार तुटली की दोन-दोन दिवस लाईट नसते, आणि जुलैत गोठ्यावरचा सोलर दिवा नुसता लटकलेला असतो. म्हणून मेमध्ये हा चार्जर घेतला. खाली आगीकडे धातूची प्लेट, वर पाण्याचं भांडं, मध्ये बिस्मथ टेल्युराइडचे चौकोन. एक बाजू तापली आणि दुसरी गार राहिली की हे चौकोन वीज बनवतात.

पहिला महिना मी वैतागलो होतो. भांड्यात विहिरीचं गार पाणी असताना यूएसबी मीटरवर 2.5 वॉट दिसायचे, दहा-बारा मिनिटांत पाणी तापलं की जेमतेम एक. वीज आगीवर नाही, दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकावर मिळते. फरक निम्मा झाला की वीज साधारण चौथाईवर येते. डब्यावर मात्र ज्वाळांचं मोठं चित्र, पाण्याबद्दल एक ओळ. सारखं पाणी कोण बदलत बसणार?

हे माझं मत आईने बदललं. ती म्हणाली, "अरे, ते तापलेलं पाणी बादलीत ओत की, नाहीतरी आंघोळीलाच लागतंय." खरंच. प्लेटमधून जाणाऱ्या उष्णतेतली फार तर पाचेक टक्के वीज होते, उरलेली पाण्यात जाते. ते पाणी आम्हाला हवंच होतं! तेव्हापासून पाणी बदलणं हे वेगळं काम राहिलं नाही.

मोबाईलचा नाद मात्र सोडा. दीड तासात तीन वॉट-तास मिळतात. 5,000 एमएएचची बॅटरी एकोणीस वॉट-तासांच्या आसपास असते, म्हणजे पंधरा टक्के. मी जुन्या लॅपटॉपचा एक सेल काढून त्यावर एक वॉटचा एलईडी लावला. गोठ्यात धारेच्या वेळी दोन तास उजेड मिळतो, रोज, भर पावसातही. याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता पेस्ट. सप्टेंबरात गार पाण्यावरही 0.8 वॉटच येऊ लागले. यात हलणारा एकही भाग नाही. 1977 साली सुटलेली व्हॉयेजर अवकाशयानं याच तत्त्वाच्या विजेवर अजून बोलतायत, मग माझं यंत्र चार महिन्यांत कसं बसलं? चार स्क्रू काढून बघितलं. चौकोन आणि धातूमध्ये उष्णता नीट जावी म्हणून लावलेली थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी, बोट लावलं की भुगा. रोज तापून-निवून स्क्रूही सैल पडलेले. मध्ये हवेची फट राहिली की उष्णता पुढे सरकत नाही. बिघाड एवढाच.

दीडशे रुपयांची ट्यूब आणली. पाण्याच्या बाजूला पेस्टचा अगदी पातळ थर दिला, आगीच्या बाजूला ग्राफाइटची शीट. स्क्रूंना स्प्रिंग वॉशर घातले आणि चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. एकच कोपरा आवळलात तर चौकोन तडकतो, जपून. दुसऱ्या दिवशी 2.3 वॉट! दीडशेच्या कामाला 2,400 मागत होते.

चूल रोज पेटत नसेल तर हे घेऊ नका, तेवढ्या पैशांत सोलर पॅनल कितीतरी जास्त वीज देईल. रोज पेटत असेल आणि पावसाळा आमच्यासारखा असेल तर जरूर घ्या, पण सोबत ट्यूब घ्या. बनवणाऱ्यांना एकच मागणी: डब्यात पेस्ट, चार स्प्रिंग वॉशर आणि उघडायचं कसं ते सांगणारा एक कागद द्या. किंमत दोनशेने वाढवलीत तरी मी तक्रार करणार नाही.