शुगर आणि फ्रोझन शोल्डर: इंजेक्शन की फिजिओ?

शुगरवाल्यांना फ्रोझन शोल्डर (खांदा आखडून दुखतो, हात नीट हलत नाही) जास्त होतो, मलाही झालाय, लोकलमध्ये वरचं हँडल धरायला डावा हात वर जातच नव्हता. स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर दुखणं लवकर उतरतं, मला तिसऱ्या रात्री त्या कुशीवर झोप लागली, पण शुगर काही दिवस चढते, माझी उपाशीपोटीची १३० वरून २४० झाली, म्हणून शुगरच्या डॉक्टरांना आधी विचाराच आणि घरी रोज मोजा. फिजिओने शुगर वाढत नाही पण महिनोन्‌महिने लागतात. झोपच उडाली असेल तर मी इंजेक्शनच म्हणेन, पण फिजिओ सोडून नाही. रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, मी पेन्सिलने खूण करते, काल ती खूण दोन बोटं वर गेली.